वऱ्हाडचा सुभा : पाचशे वर्षांच्या कारभाराचा धडा



आपल्यापैकी कोणाचे कोर्टात काही काम निघाले, तर वकीलसाहेब पहिला प्रश्न विचारतात : "दावा दिवाणी आहे की फौजदारी?" जमिनीचा, पैशाचा, वाटणीचा तंटा असेल तर तो दिवाणी. मारामारी, चोरी, खून असेल तर तो फौजदारी. हे शब्द आपल्या तोंडात इतके रुळले आहेत की ते कुठून आले, याचा विचार आपण करीत नाही. कन्हान हे पारशिवनी तहसिलीतले गाव. त्यातला 'तहसील' हा शब्दही असाच. अरबीत त्याचा अर्थ गोळा करणे, वसूल करणे. मौजा, जमाबंदी, दफ्तर, शिक्का, सनद, तगाई हे सारे शब्द त्याच घराण्यातले. राज्ये गेली, राजे गेले, झेंडे बदलले. पण कारभाराचे शब्द राहिले. ज्या अर्थी शब्द राहिले, त्या अर्थी त्यांच्यामागची व्यवस्थाही काही अंशी राहिलीच असणार. या व्यवस्थेचा इतिहास आपल्या शेजारच्या वऱ्हाड प्रांताच्या उदाहरणाने सांगण्याचा येथे विचार आहे.

शेजारच्या म्हणण्याचे कारण असे की कन्हान-कामठीचा हा मुलूख खास वऱ्हाडात मोडत नाही. वर्धा नदीच्या पश्चिमेचे ते वऱ्हाड, आणि अलीकडचा हा पूर्वीचा देवगडच्या गोंड राजांचा मुलूख. पण कित्येक वर्षे देवगडची खंडणी वऱ्हाडच्या सुभ्याकडून मागितली जात असे, आणि पुढे दोन्ही मुलूख एकाच प्रांतात आले. म्हणून वऱ्हाडची कहाणी ती आपलीही कहाणी आहे.

प्रथम एक साधा प्रश्न मनाशी घेऊ. राजधानी दूर, प्रांत मोठा. तेथे बादशहाने एक सुभेदार नेमला. त्याच्या हाती फौज दिली, खजिना दिला, किल्ले दिले. मग तो सुभेदार उद्या स्वतःच बादशहा होणार नाही, याची खात्री काय? हा प्रश्न जगातील प्रत्येक मोठ्या राज्यापुढे आला आहे. रोमच्या साम्राज्यात इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात तो फार तीव्र झाला. प्रांताप्रांतांतले सेनापती आपल्या सैन्याच्या बळावर स्वतःला सम्राट म्हणवू लागले. तेव्हा २८४ ते ३०५ या काळात राज्य करणाऱ्या डायोक्लेशियन सम्राटाने दोन उपाय योजले. पन्नासच्या आसपास असलेल्या प्रांतांचे तुकडे करून त्याने सुमारे शंभर प्रांत केले. दुसरे म्हणजे प्रांताचा मुलकी कारभार एकाकडे आणि सैन्य दुसऱ्याकडे, अशी विभागणी सुरू केली. ती पुढे कॉन्स्टंटाइनच्या काळात पुरी झाली. ज्याच्या हाती तलवार, त्याच्या हाती थैली नाही, हे त्यातले सूत्र. अर्थात याला किंमत पडली. अधिकारी वाढले, त्यांचा खर्च वाढला आणि तो करांच्या रूपाने शेतकऱ्यावर पडला. देणाऱ्यांपेक्षा घेणारेच अधिक झाले, अशी तक्रार लॅक्टँशियस या त्या काळच्या लेखकाने करून ठेवली आहे.

आता आपल्या दक्षिणेत या. १३४७ साली बहमनी राज्य स्थापन झाले आणि लवकरच त्याचे चार मोठे प्रांत पाडण्यात आले. त्यांना 'तरफ' म्हणत आणि अधिकाऱ्याला 'तरफदार'. गुलबर्गा, दौलताबाद, बीदर आणि वऱ्हाड असे ते चार. तरफदाराच्या हाती फौज, वसुली आणि किल्ले असे सर्व काही असे. शंभर-सव्वाशे वर्षांत राज्य पसरले, तसे हे तरफदारही बलाढ्य झाले. रोममध्ये जे घडले, तेच येथे घडण्याची वेळ आली.

या वेळी बीदरच्या दरबारात एक विलक्षण माणूस होता, ख्वाजा महमूद गावान. इराणच्या गिलान भागातून तो व्यापारासाठी हिंदुस्थानात आला आणि आपल्या गुणांवर बहमनी राज्याचा वजीर झाला. बीदरला १४७२ साली त्याने बांधलेला मदरसा आजही उभा आहे. तीन मजली इमारत, मधोमध चौक, विद्यार्थ्यांच्या राहण्यासाठी खोल्या आणि दर्शनी भागावर रंगीत कौलांची नक्षी. पुढे बारुदाच्या स्फोटाने तिचा मोठा भाग कोसळला, पण जे उरले आहे ते पाहूनही मन थक्क होते. सहलीला गेलात तर ती इमारत अवश्य पाहा.

पण गावानचे दुसरे बांधकाम दगडविटांचे नव्हते, ते कारभाराचे होते. त्याने चार तरफांच्या आठ तरफा केल्या. वऱ्हाडचे दोन भाग झाले, गाविल आणि माहूर. दौलताबादचे दौलताबाद आणि जुन्नर, गुलबर्ग्याचे विजापूर आणि गुलबर्गा, तेलंगणाचे राजमहेंद्री आणि वरंगळ. प्रत्येक तरफदाराकडे एकच किल्ला ठेवला. बाकीच्या किल्ल्यांचे किल्लेदार सुलतानाकडून नेमले जाऊ लागले. प्रत्येक तरफेतील काही गावे थेट सुलतानाच्या खाशात घेतली, म्हणजे तेथली वसुली तरफदाराच्या हातून जाणार नाही. जमिनीची मोजणी सुरू केली. सरदाराने जितके स्वार ठेवायचे तितके ठेवले नाहीत, तर कमी भरलेल्या स्वारांचा पगार कापून घेण्याचा नियम केला. गावानला डायोक्लेशियनची हकिकत ठाऊक होती असे मानण्याचे कारण नाही. पण तोच रोग दिसला तेव्हा शहाण्या माणसाला तोच उपाय सुचला.

याचे फळ गावानला काय मिळाले? ज्यांचे हात आखडले गेले, ते सरदार त्याच्या जिवावर उठले. त्याचा शिक्का सांभाळणाऱ्या नोकराला त्यांनी फोडले आणि एका कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला. मग त्या कागदावर ओरिसाच्या राजाला लिहिलेले फितुरीचे पत्र तयार केले आणि ते सुलतान महंमद तिसरा याच्यापुढे ठेवले. सुलतानाने चौकशी केली नाही. १४८१ च्या एप्रिल महिन्यात, वयाची सत्तरी गाठलेल्या या वजिराचा शिरच्छेद झाला. मागाहून त्याची मालमत्ता तपासली, तेव्हा स्वतःसाठी त्याने जवळजवळ काहीच ठेवले नव्हते असे आढळले. सुलतानाला पश्चात्ताप झाला, पण पुढच्याच वर्षी तोही वारला.

विद्यार्थी मित्रांनो, एका राज्याचा कणा एका कोऱ्या कागदावरच्या शिक्क्याने मोडला, हे विसरू नका. गावानने केलेली अधिकारांची वाटणी चांगलीच होती. पण तिच्यावर देखरेख करणारा आणि कागद पारखून घेणारा मध्यभागी कोणी उरला नाही. दहा वर्षांच्या आत, १४९० च्या सुमारास, विजापूर, अहमदनगर आणि वऱ्हाड येथले अधिकारी स्वतंत्र झाले. वऱ्हाडात फतहुल्ला इमाद-उल-मुल्क याने इमादशाही स्थापन केली. फिरिश्ता लिहितो की हा विजयानगरकडील कानडी ब्राह्मणाचा मुलगा. लहानपणी लढाईत पकडला गेला, मुसलमान म्हणून वाढला आणि वऱ्हाडचा अधिकारी झाला. अचलपूर, म्हणजे तेव्हाचे एलिचपूर, ही त्याच्या घराण्याची राजधानी. गाविलगड आणि नरनाळा हे मुख्य किल्ले. पुढे माहूरही या घराण्याने घेतले, म्हणजे गावानने केलेले वऱ्हाडचे दोन भाग पुन्हा एका हातात आले. अखेरीस या राजघराण्याचीही तीच गत झाली. तुफालखान नावाच्या कारभाऱ्याने बाल राजा बुऱ्हाण याला नरनाळ्यावर कैदेत ठेवून सर्व सत्ता बळकावली. १५७४ साली अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाने दोघांनाही हरवून वऱ्हाड घेतले.

१५९६ साली चांदबीबीने अहमदनगर वाचविण्यासाठी तह केला आणि वऱ्हाड अकबराचा पुत्र मुराद याला दिले. येथून वऱ्हाड मोगलांचा सुभा झाला. 'आईन-इ-अकबरी'त या सुभ्याचे १६ सरकार दिले आहेत. गाविल, नरनाळा, खेरला, माहूर, कळंब, बाशीम, मेहकर, पवनार अशी त्यांतली नावे आपल्या ओळखीची आहेत. 'सरकार' म्हणजे आजच्या जिल्ह्यासारखा भाग, आणि त्याखाली परगणा. त्याच ग्रंथात खेरल्याच्या पूर्वेकडील जाटबा नावाच्या जमीनदाराचा उल्लेख आहे. त्याच्यापाशी २,००० स्वार, ५०,००० पायदळ आणि शंभरांहून अधिक हत्ती होते असे त्यात म्हटले आहे. हा जाटबा म्हणजेच देवगडचा गोंड राजा, आणि आपला हा कन्हानकाठचा प्रदेश पुढे त्याच्याच घराण्याकडे होता. याच घराण्यातील बख्त बुलंद शहा याने औरंगजेबाच्या काळात इस्लाम स्वीकारला, आणि १७०२ च्या सुमारास बारा लहान वस्त्या एकत्र करून नागपूर वसविले. त्याचा मुलगा चांद सुलतान याने राजधानी नागपुरास आणली आणि तेथे जुम्मा तलाव बांधला. तोच आजचा गांधीसागर.

मोगली सुभ्याची रचना नीट समजून घ्या, कारण 'दिवाणी' आणि 'फौजदारी' यांचे मूळ तिच्यात आहे. सुभ्याचा मुख्य सुभेदार. फौज आणि शांतता त्याच्याकडे. पण वसुली आणि खजिना दिवाणाकडे. हा दिवाण सुभेदाराचा नोकर नव्हता. १५९५ साली अकबराने असे ठरवून दिले की सुभ्यांच्या दिवाणांनी आपला हिशेब थेट बादशाही दिवाणाकडे द्यावा. बक्षी सैन्याची हजेरी आणि पगार पाही. न्यायासाठी काझी, आणि सुभ्यातली खबर दरबारात कळविण्यासाठी वाकेनवीस. खाली सरकारात बंदोबस्तासाठी फौजदार, वसुलीसाठी वेगळा आमील. परगण्यात आपल्याकडे देशमुख आणि देशपांडे, गावात पाटील आणि कुलकर्णी. देशमुखाने वसुलीला मदत करायची आणि देशपांड्याने दफ्तर ठेवायचे. पाटलाने गाव सांभाळायचे आणि कुलकर्ण्याने लिहायचे. वरपासून खालपर्यंत करणारा एक आणि लिहिणारा दुसरा, अशी जोडी दिसेल. पुढे १७७२ साली इंग्रजांनी बंगालमध्ये दिवाणी अदालत आणि फौजदारी अदालत अशी न्यायालये काढली, ती या जुन्याच नावांनी. आजच्या वकीलसाहेबांच्या प्रश्नाचा उगम हा असा आहे.

कागदावरची रचना चांगली असून भागत नाही. शेतात काय पिकते त्यावर सारे अवलंबून असते. १६३० ते १६३२ या वर्षांत दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. त्यात आणि सततच्या लढायांत गावेच्या गावे ओस पडली. औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार असताना, १६५२ नंतर, त्याच्या हाताखाली मुर्शिद कुलीखान हा दिवाण होता. खुरासानहून आलेल्या या माणसाने वसुलीची घडी बसविली. जमिनी मोजल्या. जेथे पीक वाटून घेण्याची पद्धत ठेवली तेथे पावसावरच्या पिकाचा निम्मा हिस्सा सरकारचा, पण विहिरीच्या पाण्यावर काढलेल्या पिकाचा एक तृतीयांश, असा फरक केला. कारण विहीर खणण्याचा आणि मोट हाकण्याचा कष्ट शेतकऱ्याचा असतो. ओस गावांत नवे मुकादम नेमले, बैल आणि बियाणे घेण्यासाठी तगाई दिली आणि ती हंगामावर हप्त्यांनी परत घेतली. आपल्या वाडवडिलांच्या तोंडी असलेला 'तगाई' हा शब्द त्याच व्यवस्थेतला. लक्षात घ्या, मुर्शिद कुलीखान हा वसुली करणारा अधिकारी होता, दानधर्म करणारा नव्हता. पण शेतकरी जगला तर वसूल येईल, इतके त्याला समजत होते.

यानंतरचा भाग दुःखाचा आहे. औरंगजेबानंतर दिल्लीची पकड सैल झाली. १७१९ साली दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी, म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा आणि त्याखेरीज दहावा हिस्सा, घेण्याची सनद छत्रपती शाहूंना मिळाली. १७२४ साली निजाम-उल-मुल्क याने बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे मुबारिजखानाचा पराभव केला आणि दख्खनचे सुभे आपल्या हाती घेतले. पुढे चौथाईच्या हक्काने रघुजी भोसले वऱ्हाडात बळावले. नागपुरात गोंड राजा बुऱ्हाण शहा नावाचा राजा राहिला आणि १७४३ पासून खरी सत्ता भोसल्यांची झाली. वऱ्हाडात मात्र ना पुरता निजाम, ना पुरते भोसले. एकाच परगण्यात दोघांचेही कामगार, दोघांच्याही कचेऱ्या, आणि एकाच पिकावर दोघांचाही हिस्सा. याला दुअंमल म्हणत.

आता कोणी विचारील, गावानने अधिकार दोघांत वाटले ते चांगले, आणि येथे दोघांत वाटले ते वाईट कसे? या लेखाचे सार याच प्रश्नाच्या उत्तरात आहे. अधिकार वाटणे वेगळे आणि रयत वाटून घेणे वेगळे. सुभेदार आणि दिवाण हे एकाच राज्याचे दोन हात होते. एकाने चूक केली तर दुसरा ती लिहून वर कळवीत असे. रयत एकाला सारा देई आणि त्याची पावती दुसऱ्याच्या दफ्तरात सापडे. दुअंमलात दोन धनी झाले आणि दोघांचाही हिशेब तपासणारा कोणी राहिला नाही. एकाला दिले म्हणून दुसरा सोडीत नव्हता. ज्या वाटणीने शेतकऱ्याचे रक्षण होते ती वाटणी मोडली, आणि ज्या वाटणीने तो नागवला जातो ती सुरू झाली. हा दोष एका धर्माचा किंवा एका घराण्याचा नव्हे. निजामाचे कामगारही त्यात होते आणि भोसल्यांचेही, आणि नागवल्या जाणाऱ्या रयतेतही हिंदू आणि मुसलमान दोघे होते.

१८०३ साली अडगावची लढाई झाली आणि डिसेंबरात गाविलगड पडला. त्याच महिन्यात देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला, म्हणजे दुअंमल संपला. पण शेतकऱ्याचे हाल संपले नाहीत. निजामाच्या कारभाऱ्यांनी वऱ्हाडची वसुली इजाऱ्याने सावकारांना देण्याची रीत पाडली. आज इजारा आहे, उद्या राहील याची शाश्वती नाही, मग इजारदार तगाई कशाला देईल? मुर्शिद कुलीखान उद्याच्या पिकाकडे पाहत होता. इजारदार आजच्या वसुलाकडे पाहत होता. इकडे निजामावर इंग्रजांच्या हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चाचे कर्ज चढत गेले, आणि त्यापोटी १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. त्याच वर्षी तिसरे रघुजी वारले आणि १८५४ साली नागपूरचे राज्यही खालसा झाले.

पुढची हकिकत आपल्याला ठाऊकच आहे. १८६१ साली नागपूर राजधानी असलेला मध्य प्रांत झाला. १९०२ च्या करारानुसार निजामाला वर्षाला २५ लाख रुपये द्यायचे ठरले आणि १९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांताला जोडण्यात आले. १९५६ साली हा सारा मराठी मुलूख मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. पण जुन्या सीमेची खूण सहज पुसली गेली नाही. वर्धा नदीच्या पलीकडे वऱ्हाडात रयतवारी पद्धत होती आणि अलीकडे नागपूरकडे मालगुजारी. त्यामुळे दोन्हीकडच्या घरांतले जुने जमिनीचे कागद वेगवेगळे दिसतात. मालगुजारी १९५१ साली संपली. तलाठ्याला मात्र आपल्याकडे माणसे अजून पटवारीच म्हणतात.

पालक बंधु-भगिनींनो, आता थोडे आपल्या घराकडे पाहू. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी जुन्या पेटीत कागद आहेत. कोणाकडे इनामाची सनद आहे, कोणाकडे मशिदीच्या किंवा दर्ग्याच्या वक्फ जमिनीचा कागद, कोणाकडे आजोबांच्या नावाची मालगुजारीची पावती. त्यांतला एखादा फारसीत असतो, एखादा मोडीत, एखादा इंग्रजीत. घरातले कोणी तो वाचू शकत नाही, म्हणून त्याला वाळवी लागते. किंवा ज्याला वाचता येतो तो आपल्या सोयीचा अर्थ सांगतो आणि आपण अंगठा उठवतो. कोऱ्या कागदावर उठविलेला शिक्का आणि न वाचलेल्या कागदावर उठविलेला अंगठा, यांत फरक तो काय?

म्हणून एक सूचना करावीशी वाटते. या सुटीत प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील एक तरी जुना कागद वडीलधाऱ्यांच्या परवानगीने बाहेर काढावा. त्यावरचे साल, गावाचे नाव, परगणा किंवा तहसील आणि शिक्का वहीत उतरवून घ्यावा. मोडी शिकविणारे वर्ग चालतात, त्यांचा लाभ घ्यावा. आजी-आजोबांना फारसी किंवा उर्दू दफ्तरी अक्षर लागत असेल, तर त्यांच्यापाशी बसून ते शिकावे. नागपूरच्या पुराभिलेखागारात या प्रांताची जुनी दफ्तरे आहेत. हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात मोगलांच्या दख्खनी कारभाराचे कागद जतन केलेले आहेत. ती वाचणारे आपल्या मुलांमुलींतून का निघू नयेत? देशपांडे आणि कुलकर्णी लिहीत होते, म्हणून इतिहासात त्यांची नोंद राहिली. ज्यांनी नांगर धरला, माग चालविला, ओझी वाहिली, त्यांची नोंद दुसऱ्याने केली तेवढीच राहिली.

महमूद गावानने आठ तरफा केल्या, त्या दहा वर्षेही नीट टिकल्या नाहीत. त्याने बांधलेला मदरसा मात्र पाचशे वर्षांनंतरही उभा आहे. कारभाराची घडी एका माणसाच्या हुशारीवर फार काळ टिकत नाही. कागद वाचणारी, हिशेब मागणारी माणसे ज्या प्रांतात पुष्कळ असतात, त्या प्रांतात ती टिकते. वऱ्हाडच्या रयतेला दोन धन्यांनी लुटले, तेव्हा तिच्या हाती पावती नव्हती, आणि असती तरी ती वाचता आली नसती. तुमच्या हाती पावती आहे, सातबारा आहे, मताचा अधिकार आहे. तो कागद वाचता येणे एवढे एक काम तुमच्याकडे राहिले आहे. ते तुम्ही पार पाडाल, याबद्दल आम्हाला शंका नाही.